अडीच इंच पाणी

होळी होऊन गेली होती, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे रविवार चालू होते. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी गावी जाऊन राहिले होते. देवळात पत्र्याखाली नऊ वाजताच उकडायला लागलेलं. दोन गीतं झाली, शास्त्रपाठ झाला, पाळकसाहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "कुणाला प्रेरणा होत असेल त्यांनी उभं राहून प्रार्थना करावी." बायकांच्या बाजूने मामी उठल्या. अख्खी मंडळी त्यांना मामीच म्हणते, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. पदर डोक्यावरून पुढे ओढला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "हे दयाळू पित्या, आण्णाच्या बोअरला तू अडीच इंच पाणी दिलंस म्हणून तुझे उपकार मानते. साडेतीनशे फुटांवर दिलंस. त्याचा कांदा वाचवलास, ऊस वाचवलास. तू न्यायी देव आहेस बापा, तुला वरून समदं दिसतं. येशूच्या नावाने मागते, ऐक. आमेन." आणि बसल्या.

मंडळीच्या आमेनला क्षणभर उशीर झाला. आण्णा पुरुषांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत होते, त्यांची मान खाली होती, पण प्रार्थनेत सगळ्यांच्याच माना खाली असतात. ढोलकीवाल्या पोराने उगाच शाई चाचपली. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आण्णांचं बोअर मामींच्या बांधाला लागून घेतलंय आणि ते चालू झाल्यापासून पंधरवड्यात मामींची विहीर तळाला गेलीय. आपल्याकडच्या काळ्या खडकाचं हे असंच आहे. पाणी असतं ते भेगांमधून, आणि एकाने खोल जाऊन भेग गाठली की वरच्याची विहीर बसते. मामींचा कांदा पाण्यावाचून पिवळा पडत चालला होता. आपल्या विहिरीचं मात्र त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

ते आभार होते की टोमणा?

हा प्रश्न मी त्या दिवशी आत्याच्या डोळ्यात थेंब घालताना तिला विचारला. तिने डोळा मिटूनच सांगितलं, "प्रार्थना होती." मग थोड्या वेळाने, "तुमच्या पुण्यात नाही का करत?" करतात की. पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेचे विषय आठवड्याच्या पत्रकात छापून येतात. आजारी, शोकाकुल, प्रवासात असलेले, परीक्षार्थी, देशाचे नेते. एक जण माइकवर वाचतो, बाकीचे मनात म्हणतात. त्या यादीत कुणाचं बोअर आल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या बाकावरच्या बाईंचा मुलगा दीड वर्ष घरी बसून होता, हे मला तो कॅनडाला गेल्यावर पेढ्यांसोबत कळलं.

गावातल्या देवळात असं काही लपून राहणं शक्य नाही. (आम्ही देऊळच म्हणतो. 'चर्च' पाहुण्यांसमोर, आणि 'प्रार्थनामंदिर' कोनशिलेवर.) तिथे मी लहानपणापासून काय काय मागताना ऐकलंय! वडाळ्याच्या बाजूची ही आडगावची मंडळी, पंचवीस-तीस घरांची. कालव्याच्या शेपटाला असल्यामुळे मुळा धरणाचं आवर्तन सुटलं तरी पाणी पोचेल याची खात्री नाही, म्हणून दर आवर्तनाला टेलपर्यंत पाणी येऊ दे अशी प्रार्थना ठरलेली. घोडेगावच्या बाजारात कांद्याला भाव मिळू दे. गाय दुसऱ्यांदा उलटली आहे, तिला गाभ राहू दे. रात्रपाळीची लाइट आहे, पाणी धरायला जाणाऱ्या पोरांना इच्चुकाट्यापासून राख. सुनेला दिवस गेलेत, पहिल्या दोन्ही मुली आहेत, पित्या, तुझी इच्छा होवो. यातली 'तुझी इच्छा होवो' म्हणताना आवाज असा काही लागायचा की देवाची इच्छा काय असायला हवी याबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये. मला त्या घरातल्या दोन मुलींकडे बघवत नसे, त्या पुढे शब्बाथशाळेच्या पोरांमध्ये बसलेल्या असत आणि आमेन म्हणत.

लेकी बोले सुने लागे, अशी एक म्हण आहे. आमच्या देवळातल्या प्रार्थनेचं निम्मं मर्म तिच्यात आहे असं मला आता वाटतं. देवाला सांगायचं आणि आसपासच्यांना ऐकवायचं. एक काकू होत्या, त्यांचे यजमान देशी घेत. काकू घरात तोंड उघडत नसत, उघडलं की मार बसे. रविवारी मात्र यजमान चार हातांवर बसलेले असताना त्या उभ्या राहून "जे रात्री उशिरा घरी येतात त्यांच्या पायांना वाट दाखव" अशी प्रार्थना करायच्या. त्या वाक्यावर आक्षेप कसा घेणार? प्रार्थनेला उत्तर द्यायची पद्धत नाही. मध्ये बोलायची नाही. डोळे उघडून कुणाकडे रोखून बघायची नाही. उठून बाहेर गेलात तर देवावर रुसून गेलात असा अर्थ होतो. माझ्या आजोबांनी एकदा नव्या सरपंचासाठी सलग दोन महिने सद्बुद्धी मागितली होती. सरपंच ख्रिस्ती नव्हते, देवळात येत नव्हते, पण नळाची लाइन आमच्या वस्तीपर्यंत का येत नाही हे देव सोडून बाकी सगळ्यांना त्यातून नीट कळत होतं, आणि गावात गोष्ट सरपंचाच्या कानी जायला रविवारची संध्याकाळ पुरायची.

ही मुभा या माणसांना कुठून मिळाली, हा विचार मी त्या रविवारनंतर बराच करत राहिले. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ साली, नगरला आले १८३१ मध्ये. शाळा, दवाखाना, 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक, ही सगळी यादी आमच्याकडे दर वर्षी वर्धापनदिनाच्या भाषणात म्हटली जाते, ती इथे परत म्हणत नाही. त्या यादीत एक गोष्ट कधीच नसते. हे अमेरिकन बहुतेक काँग्रिगेशनल पंथाचे होते. मंडळीने आपला कारभार आपण बघावा, आणि प्रार्थना पुस्तकातून वाचून न दाखवता माणसाने आपल्या शब्दांत करावी, ही त्यांची रीत. त्यांच्या दृष्टीने यात विशेष काही नव्हतं, न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या देवळांत ते हेच करत आले होते. पण ती रीत घेऊन ते नेवासे, राहुरी, शेवगाव भागातल्या महारवाड्या-मांगवाड्यांत गेले. जो माणूस चावडीवर जोहार घालून लांब उभा राहायचा, विचारलं तरच बोलायचा, त्याला त्यांनी सांगितलं की उभा राहा आणि सगळ्यांदेखत देवाशी बोल. त्याच्या बायकोलाही सांगितलं.

आमच्या भागात ज्ञानेश्वरांचा पैस खांब आहे, प्रवरेच्या काठी. त्याच तालुक्यात, एका खांबाला टेकून, मराठीतलं सगळ्यात मोठं मागणं मागितलं गेलं, तेही साऱ्या विश्वासाठी. त्यात स्वतःसाठी एक अक्षर नाही. आमच्या देवळातली मागणी त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत, गाय, गाभ, कांदा, लाइट. पण मला वाटतं पिढ्यान्‌पिढ्या ज्याला तोंड उघडायला मिळालं नाही तो बोलायला लागल्यावर आधी घरचंच बोलणार.

वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक नावाचे मिशनरी राहत. त्यांना पक्ष्यांचा आणि शंख-शिंपल्यांचा फार नाद, दक्षिणेत पळणीच्या डोंगरात एक पक्षी आहे, त्याच्या शास्त्रीय नावात फेअरबँक साहेबांचं नाव अजून आहे. त्यांची मुलंही पुढे याच भागात मिशनरी झाली. साहेब लोकांची अशी नावं राहिली, पक्ष्याला, इमारतीला, हॉलला. माझ्या पणजीचं नाव कुठे नाही. ती बायबलबाई होती. लवकर विधवा झाली, मिशनच्या मडमेने तिला अक्षरं शिकवली आणि महिना काही रुपयांवर गावोगाव फिरायला लावली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका आणि गुंडाळी करून ठेवलेली रंगीत चित्रं. झाडाला चित्र टांगायचं आणि बोलायचं. आजी सांगायची की चित्रातल्या येशूच्या मेंढरांना जमलेल्या बायका नावं ठेवायच्या, असली पांढरी गुबगुबीत मेंढरं असतात का कुठं, आमच्या धनगराकडं बघा. मग पणजी मेंढरांवरच बोलायची. मेंढरू हरवलं की धनगर काय करतो, हे त्या बायकांनाच विचारायची. गोष्ट अर्धी त्यांच्याकडूनच वदवून घ्यायची.

किती जणींचा तिने बाप्तिस्मा घडवला? वार्षिक अहवालात साहेबाला हाच आकडा हवा असे, आणि पणजी त्यात कच्ची होती म्हणे. विहिरीवर बसून ती ज्या गोष्टी ऐकून येई त्यांचा रकानाच नव्हता. कुठल्या घरात सासू सुनेला उपाशी ठेवते, कुणाच्या पोराला देवी आल्या, कोण जीव द्यायच्या बेतात आहे. रात्री आजीला शेजारी घेऊन ती त्या एकेकीचं नाव घेऊन प्रार्थना करायची, मोठ्याने, आणि आजी म्हणायची की मला सगळ्या पंचक्रोशीची भांडणं प्रार्थनेतूनच पाठ झाली. तिच्या त्या नावांपैकी बहुतेक जणी कधी ख्रिस्ती झाल्या नाहीत. पणजीने म्हणून त्यांची नावं गाळली नाहीत.

मला हे सगळं गोड करून सांगायचं नाही. १८७६ च्या दुष्काळात आणि पुढे १९०० च्या आसपासच्या दोन दुष्काळांत लोक मिशनच्या दारात आले ते भाकरीसाठी आले, आणि त्यांतले कितीतरी राहिले. "पोटासाठी बाटलात" हे वाक्य मी शाळेत ऐकलंय, इतिहासाच्या तासाला नाही, मधल्या सुट्टीत. तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. आता वाटतं, पोटासाठी म्हणजे काय कमी कारण झालं? आणि जातीचं म्हणाल तर ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. पूर्वाश्रमीचे महार एका वस्तीचे, पूर्वाश्रमीचे मांग दुसऱ्या वस्तीचे, प्रभुभोजनाचा प्याला आधी कुणाच्या ओठाला लागणार यावरून आमच्या देवळात एके काळी मारामारीपर्यंत प्रकरण गेलं होतं, असं आजोबा सांगत. लग्नं तर अजूनही आपापल्यातच जमवतात, फक्त त्याला आता "कुटुंब चांगलं ओळखीतलं आहे" असं म्हणतात.

साहेब आणि मंडळी यांच्यातला पैशाचा दोरही नासका होता. पाळकाचा पगार, मास्तरचा पगार, बायबलबाईचा पगार, सगळं वरून यायचं, आणि वरून येणाऱ्या पैशाबरोबर वरून येणारी नजरही येते. कवी ना. वा. टिळकांसारख्या माणसाने १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळेच ख्रिस्तभक्त ज्यात बसू शकतील असा. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार काही पसरला नाही. पण आपल्या माणसांनी आपल्या सुरात आपलं मागणं मागावं हा त्यांचा आग्रह मात्र राहिला. पेटी-ढोलकी-टाळावर आम्ही जी गीतं म्हणतो, त्यांच्यातला अभंग-ओवीचा ठेका अहमदनगरच्या या कवी-कीर्तनकारांचाच आहे, कृष्णराव सांगळ्यांपासूनचा. साहेबांच्या चालींवरची भाषांतरित गीतं पुस्तकात आहेत. ती नाताळला गायची आणि तीही जरा ताठ बसून.

मग साहेब गेले. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, आमचं देऊळ तिच्यात गेलं, बंगल्यांची आणि जमिनींची भांडणं कोर्टात गेली आणि काही अजून तिथेच आहेत. त्याच्या आधीच, १९५६ मध्ये, माझ्या आजोबांचे चुलतभाऊ बौद्ध झाले. एका आजा-पणज्याची घरं, एकाच्या भिंतीवर बाबासाहेब, दुसऱ्याच्या भिंतीवर मेंढपाळ. आमच्याकडे नंतर बाबासाहेबही आले, मेंढपाळाशेजारी. सरकारदरबारी मात्र दोन्ही घरांची वाट वेगळी झाली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या, १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. माझ्या वडिलांच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि देवळाच्या वहीत दुसरा, अशी माणसं प्रत्येक गावात होती. त्यांना कुणी दुटप्पी म्हटलं की मला राग येतो. मग त्यांच्यातलाच कुणी उपासनेत पुढे बसून प्रामाणिकपणावर साक्ष द्यायला लागला की त्याचाही येतो.

आता मामींकडे येते, कारण पुढच्या रविवारी जे झालं त्याशिवाय हे सगळं आठवायचं मला कारण नव्हतं.

त्या रविवारी आण्णा उठले. एरवी ते प्रार्थना करणाऱ्यांतले नाहीत. पंचकमिटीचे सभासद, देवळाच्या पत्र्यांना पैसे दिलेले, हिशेब बघणारे. घसा खाकरून म्हणाले, "हे आमच्या बापा, मामींच्या विहिरीची तुला काळजी आहे. तिला पाणी दे. त्यांच्या जनावरांना पाणी दे. येशूच्या नावाने मागतो." एवढंच. मला अक्षरशः संताप आला. ज्याने पाणी ओढून घेतलं तोच देवाला सांगतोय की तिला पाणी दे! पुण्याहून आलेली मी मनात तक्रारअर्जाचा मसुदा करायला लागले होते, तलाठी, तहसीलदार, भूजल सर्वेक्षण. शेजारी बसलेल्या आत्याने मात्र डोळ्यावरची हिरवी पट्टी सारखी करत, आमेन म्हणता म्हणता, माझ्या कानात म्हटलं, "घ्या. आता त्याला द्यावंच लागतंय."

"का?"

"समद्यांसमोर मागितलंय ना त्याने."

मला ते कळायला दोन दिवस लागले. मंगळवारी संध्याकाळी, लाइट आल्यावर, आण्णांचा मुलगा काळा पाइप बांधावरून ओढत मामींच्या हौदापर्यंत घेऊन गेला. एक दिवसाआड अर्धा तास. प्यायला आणि म्हशींना पुरेल एवढं. कांद्याला नाही. कांदा गेलाच. पाळकसाहेबांनी मध्यस्थी केली नाही, पंचकमिटी बसली नाही, मामींनी दारात जाऊन एक शब्द विचारला नाही आणि आण्णांनीही चुकलो म्हटलं नाही. दोघं एकमेकांशी जे बोलले ते देवाच्या तोंडून बोलले, आणि देवाने निवाडा दिला तोही अर्धाच. मी मामींना विचारायला गेले होते, तुम्ही मुद्दाम केलीत ना ती प्रार्थना? त्या कांद्याची वाळलेली पात गोळा करत होत्या. म्हणाल्या, "जे देवाला सांगितलं ते तुला कशाला सांगू?" आणि मला चहाला बसवलं. हौदाच्या पाण्याचा चहा. तो पिताना मला न्याय झाल्याचं समाधान वाटलं नाही, अन्याय झाल्याची चीडही धड टिकेना.

कांद्याचं मी आत्याजवळ काढलं तेव्हा ती म्हणाली, कांद्याचं मामींनी मागितलंच कुठं होतं.

अलीकडे गावापासून पाच-सहा किलोमीटरवर रस्त्याकडेला एक नवी सभा भरते. मोठा मंडप, स्पीकर, कीबोर्ड, ड्रम. आमच्या मंडळीतली तरणी पोरं रविवारी दुपारी मोटरसायकलवर तिकडे जातात. मी एकदा गेले. तिथे सगळे एकाच वेळी, मोठ्याने, हात वर करून प्रार्थना करतात. ही काही बाहेरून आलेली नवी तऱ्हा आहे असं आमचे पाळकसाहेब म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली अशाच एकदम, रडत-ओरडत प्रार्थना करत होत्या. दुष्काळातून, तरुण वैधव्यातून उचलून आणलेल्या मुली. त्यांना तसं एकत्र फुटून बोलावंसं वाटलं असेल, यात मला नवल वाटत नाही. मंडपातही मला बरं वाटलं, अंगावर काटा आला, माझ्या शेजारची मुलगी घळाघळा रडत होती आणि बाहेर पडली तेव्हा तिचा चेहरा खरंच हलका झालेला होता. पण तिने काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नसणार. तिथे मामींनी अडीच इंच पाण्याचे उपकार मानले असते तर ते ड्रममध्ये गेले असते, आणि आण्णा दुसऱ्या रांगेत हात वर करून उभे राहिले असते.

आणखी एक बदल सांगायला हवा. प्रार्थना घरात ठेवली असेल, कुणाचा वाढदिवस, कुणाचं दुखणं, तर आता खिडकी लावून घेतात. "मिशनरी" हा शब्द टीव्हीवर ज्या अर्थाने येतो तो ऐकून आमच्या गावची माणसं आधी हसतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर मिशनरी म्हणजे पेन्शन नसलेला म्हातारा उपदेशक किंवा गुडघे धरून चालणारी पाळकबाई येते. मग हसणं थांबतं. मागच्या नाताळात गीतं म्हणत फिरणाऱ्या पोरांना आत्याने बजावून पाठवलं, फक्त आपल्याच दारात म्हणा. पूर्वी पाटलांच्या वाड्यासमोरही म्हणायचे, पाटीलबाई पोरांना शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या. आता पाटीलबाई नाहीत आणि वाडाही पाडलाय, त्यामुळे नक्की कशामुळे थांबलं ते सांगता येत नाही. पण खिडकी लावून केलेली प्रार्थना वेगळी होते. आवाज खाली येतो, सरपंचासाठी सद्बुद्धी मागणं तर जवळपास बंदच झालंय.

दिवाळीनंतर बाजरी घरात आली की आमच्याकडे कापणीचा सण असतो. त्याला मात्र मी शक्यतो जाते. वेदीसमोर बाजरीची कणसं, भोपळे, उसाची मोळी, अंडी, पाय बांधलेले कोंबडे, कुणी केलेला अनारशांचा डबा, सगळं मांडतात आणि उपासना संपली की तिथेच त्याचा लिलाव होतो. कोंबडा प्रवचनात मध्येच ओरडतो, पोरं हसतात, पाळकसाहेब कोंबडा आरवण्याआधी येशूला नाकारणाऱ्या पेत्राचा दाखला देऊन वेळ मारून नेतात. यंदा पाऊस बरा झाला होता, विहिरी वरपर्यंत होत्या, मामींनी पोतंभर लाल भोपळे आणले होते. आण्णा लिलाव पुकारत होते, कारण त्यांच्याइतका आवाज दुसऱ्या कुणाचा नाही. एक गावरान अंडं दीडशे रुपयांना गेलं, घेणाऱ्याने ते परत दान केलं, ते पुन्हा ऐंशीला गेलं. अनारशांवरून दोन जावांची चुरस लागली. मामींचा सगळ्यात मोठा भोपळा आण्णांनी स्वतःच बोली वाढवत वाढवत तीनशेपर्यंत नेला आणि मग दुसऱ्याच्या गळ्यात मारला. मामी मोठ्याने हसल्या. मला वाटलं होतं भोपळा आण्णा स्वतःच घेतील.

शेवटी खजिनदार उठले. हातात वही. म्हणाले, भाऊबहिणींनो, आनंदाची गोष्ट आहे, दान चांगलं जमलंय, मागच्या बाजूचे पत्रे बदलता येतील, देवाचे आभार. पण मागल्या सणाच्या लिलावातल्या वस्तूंचे पैसे अजून यायचे आहेत, तेवढी नावं मी वाचून दाखवतो, कुणी मनावर घेऊ नये. कोंबडा, दोनशे वीस. शेळीचं करडू, राहिलेले चारशे. तिसरं नाव उसाच्या मोळीचं होतं, साठ रुपये, आणि ते पाळकसाहेबांचं होतं.